‘कोरडवाहू’चा पहिला प्रयोग

कल्याण वाटूरकर जालन्याच्या सभागृहाच्या फाटकातून आत शिरला तेव्हा त्याला आधी दिसला तो फलक. बियाण्यांच्या कंपनीचे मालक बद्रीनाथशेठ वर हात जोडून हसत होते, त्यांच्याखाली त्यांची दोन मुलं हसत होती, आणि अगदी तळाला, जिथे फलक छापणाऱ्याचा फोन नंबर असतो तिथे, लिहिलं होतं : ‘पुण्याचे सुप्रसिद्ध ऑर्केस्ट्रावाले कल्याणजी’. कल्याणने क्षणभर डोळे मिटून घेतले. ऑर्केस्ट्रा म्हटलं की या मुलखाला आठवतो चमकीचा कोट घातलेला गायक, विनोद करणारा निवेदक आणि जुन्या सिनेमातली गाणी. चाळीस वादकांसाठी, एकही गाणं नसलेली, पाऊण तासाची नवी रचना लिहिणाऱ्या माणसाला काय म्हणावं हा प्रश्न जालन्याला कधी पडला नव्हता. पडला असता तरी सरकीच्या आणि सळईच्या भावापुढे जालन्याने तो बाजूला सारला असता.

तो मूळचा वाटूरचा बोराडे. पुण्यात गेल्यावर त्याने ‘वाटूरकर’ लावायला सुरुवात केली, कारण कलावंताच्या नावात गाव असलं की मागे घराणं असल्यासारखं वाटतं. गावात मात्र तो आई गेली तेव्हा येऊन गेला, त्यानंतर नाही. त्याच्या नव्या रचनेचं नाव होतं ‘कोरडवाहू’. सोबत छापलेल्या पत्रकात ‘कोरडवाहू शेतीतल्या प्रतीक्षेचा नाद-अवकाश’ असं काहीबाही होतं. बापाने शेतात डवरा धरायला बोलावलं की ज्याच्या पोटात दुखायचं, त्याला कोरडवाहूतलं काय कळणार, असं कुणी विचारलं नाही. पुण्यात कुणाला ठाऊक नव्हतं आणि जालन्यात कुणी पत्रक वाचलं नव्हतं.

पण एक गोष्ट त्याला मनापासून हवी होती, आणि तिच्यासाठी तो हे सगळं सोसत होता. नव्या वाद्यवृंद-रचनांचं नशीबच खोटं. पहिला प्रयोग थाटात होतो, फुलं मिळतात, पेपरात चार ओळी येतात आणि मग ती कुणी पुन्हा वाजवत नाही. बारसं आणि तेरावं एकाच मांडवात. कल्याणच्या आजवरच्या प्रत्येक रचनेचं हेच झालं होतं. टाळ्या पडल्या होत्या, ‘पुन्हा कधी?’ असं मात्र एकानेही विचारलं नव्हतं. वय पन्नाशीला टेकलं होतं. आता मुंबईच्या एका संगीत संस्थेच्या आकांक्षाबाई ‘कोरडवाहू’ ऐकायला येणार होत्या. त्या वर्षाकाठी एक नवी रचना निवडत आणि तिचे गावोगाव प्रयोग लावत. कल्याणला दुसरा प्रयोग हवा होता. निदान एक.

रचनेतली मोठी युक्ती अशी, की पुण्याच्या व्हायोलिन-चेलोवाल्यांसोबत घनसावंगीचा एक लग्नाचा बँड वाजणार होता. पौष असल्यामुळे बँड रिकामा होता. बँडमास्तर धम्मपाल हा सोनेरी कशिद्याचा कोट आणि काळा गॉगल घालून तालमीला येणारा, स्वतःच्या क्लॅरिनेटवर बेहद्द खूश असलेला माणूस. बँडाला नोटेशन वाचता येत नव्हतं, म्हणून कल्याणने तुकडे तुकडे रेकॉर्ड करून पाठवले होते आणि त्यांनी ते ऐकून ऐकून बसवले होते. पुण्याचे वादक बँडवाल्यांकडे बघून नाक मुरडत. धम्मपाल पुण्याच्या वादकांना ‘खुर्चीवर बसून वाजवणारे’ म्हणे, आणि त्यातच काय ते आलं. कल्याण दोघांनाही सारखाच तुच्छ मानत होता, एवढा न्यायीपणा त्याच्यात होता.

पहिल्या एकत्र तालमीच्या आदल्या दिवशी धम्मपाल भेटायला आला. म्हणाला, हॉलात वाजवायच्या आधी सगळ्यांना गाडीत घालून एकदा गावाच्या शिवेवर न्यावं लागेल, पुण्याच्या मंडळींनाही.

“चाल अजून कोरी हाय साहेब,” तो म्हणाला. “आधी शिळी करावी लागते.”

बँडवाल्यांचा हा जुना रिवाज होता. नवी बसवलेली चाल पहिल्यांदा माणसांपुढे वाजवायची नाही. भर दुपारी शिवेवर जायचं, गावाकडे पाठ करून ती एकदा पुरती वाजवायची आणि परत यायचं. मग ती शिळी झाली, मग खुशाल नवरदेवापुढे वाजवा. सिनेमातलं कालचं गाणं असलं तरी हेच. तिथे ऐकतं कोण, असं कल्याणने विचारलं. धम्मपालने खांदे उडवले. तो म्हणाला, त्याच्या घरी असलं काही बिलकुल मानत नाहीत, त्याच्या आजोबांनी छप्पन साली हे सगळं सोडून दिलं. पण हे घराचं नाही, बँडाचं आहे, आणि बँडात सगळ्या जातीची पोरं आहेत.

कल्याणने मग त्याला प्रीमियर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. जगात कुणी म्हणजे कुणीच ते आधी ऐकलेलं नसतं.

“माणसानंच ना?” धम्मपाल म्हणाला. “तिथं माणूस नसतंच की.”

हा किस्सा पुण्यात सांगायला झकास आहे, असं मनात म्हणत कल्याणने साफ नकार दिला. तूर काढलेल्या रानात चेलो घेऊन उभं राहायचं म्हणे. धम्मपालने गॉगल चढवला आणि तुमची चाल, तुमचा हुकूम, असं म्हणून तो निघून गेला. खरं तर त्यालाही बरंच वाटलं होतं. दरवेळी शिवेवर जाताना त्याला आपल्या शिकलेल्या मुलीपुढे ओशाळं व्हायला होई.

दुसऱ्या दिवशी ‘कोरडवाहू’ अशी वाजली, की कल्याणला स्वतःचाच हेवा वाटला. बँडाचं खरखरीत पितळ आणि पुण्याचे गुळगुळीत तंतू एकमेकांना खेटले आणि त्यातून तिसरंच काही उभं राहिलं. पहिला भाग संपला तेव्हा वादकही एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात सभागृहाचे दिवे आणि एसी सांभाळणारा राधेश्याम रंगमंचाच्या कडेला येऊन उभा राहिला.

“सर, सुरू कधी करून राह्यले?” त्याने विचारलं. “तसा एसी लावतो.”

कल्याण खो-खो हसला. बघा, तो वादकांना म्हणाला, आपण अजून वाद्यंच जुळवतोय असं याला वाटतंय. सगळे हसले. राधेश्याम वरमून निघून गेला.

मग बद्रीनाथशेठ आले. पुढच्या रांगेत पाय पसरून बसले. तिसऱ्या भागात बँडाचे दोन्ही ढोल आणि सगळी पितळी वाद्यं एकदम तुटून पडतात. नेमका तेव्हाच त्यांना फोन आला आणि शेठ कुण्या व्यापाऱ्याशी बियाण्याच्या थैल्यांबद्दल बोलत बसले. जाताना त्यांनी कल्याणचा हात हातात घेतला. “लई शांत वाटलं,” ते म्हणाले. “असा शांत प्रोग्राम जालन्यात होत न्हाई.”

जेवताना कल्याणने शेठांची नक्कल करून दाखवली. सगळे पोट धरून हसले, फक्त चेलो वाजवणारा एक म्हातारा वादक हसला नाही. तो म्हणाला, की शेठ फोनवर ओरडून बोलत नव्हते, हळू बोलत होते. त्या ढोलात त्यांना पलीकडचं ऐकू कसं आलं? कल्याणने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढायला सांगितली.

नवं संगीत लिहिणाऱ्याची ही मोठी सोय असते. कुणी तोंड वेडंवाकडं केलं, जांभई दिली, मधेच उठून गेलं, की तो म्हणतो, यांना कळलं नाही. कल्याणने तीस वर्षं एवढं एकच उत्तर जवळ बाळगलं होतं आणि ते त्याला कधी अपुरं पडलं नव्हतं.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्याची धाकटी बहीण शालू वाटूरहून आली. डब्यात भाकरी, ठेचा आणि भरलं वांगं. ती तिसऱ्या रांगेत पदर सावरून बसली आणि पूर्ण रचना संपेपर्यंत हलली नाही. मग कल्याण रंगमंचाच्या कडेला येऊन, तिला आधीच माफ केल्यासारखा चेहरा करून म्हणाला, “कसं वाटलं?”

“वाजवलं कुठं, दादा?” शालू म्हणाली.

मग ती पुढे म्हणाली, “तू हात हलवून राह्यला. ते गाल फुगवून राह्यले. मला वाटलं, आधी असं मुक्यानं करत असतेत, मंग वाजवतेत.”

कल्याणने तिला शांतपणे सांगायला सुरुवात केली, की आधुनिक संगीतात चाल अशी नसते, कानाला सवय नसली की मन ते टिपतच नाही. शालूने त्याचं सगळं ऐकून घेतलं. ती गावच्या शाळेत वीस-बावीस वर्षं शिकवत होती. मुलांच्या थापा तिला पुऱ्या माहीत होत्या.

“दादा, मला कळलं न्हाई अन् मला ऐकू आलं न्हाई, यातला फरक मला कळतो,” ती म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, “मागं मात्र कुणीतरी पायानं ठेका धरून बसल्तं. मी दोनदा वळून पाह्यलं. मागं कुणी न्हाई.”

ती गेल्यावर कल्याणने रेकॉर्डिंग सुरू करून आपला फोन तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवायला लावला आणि पहिला भाग पुन्हा वाजवून घेतला. मग तो विंगेत जाऊन ते रेकॉर्डिंग ऐकू लागला. एसीची घरघर होती. पानं उलटल्याची सळसळ होती. ट्रम्पेटच्या खटक्यांवर पडणारी बोटं ऐकू येत होती, फुंकलेला श्वास ऐकू येत होता, चामड्यावर काठी टेकल्याचा मऊ आवाजही होता. सूर एकही नव्हता. आणि दूर कुठेतरी, फोनच्याही मागे, एक टाच फरशीवर पडत होती, बरोब्बर त्याच्या लयीत.

फोनचा माईक गेलाय, असं त्याने जाहीर केलं आणि रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

पहिल्या व्हायोलिनवरची मुलगी म्हणाली, “सर, तुम्ही एकदा खाली बसून ऐका. तोवर इथून ताल मी दाखवते.” रंगमंचावरून खाली उतरायला तीन पायऱ्या होत्या. कल्याणने त्यांच्याकडे पाहिलं. पुण्याला वरून बघणारा, जालन्याला वरून बघणारा, सख्ख्या बहिणीलाही वरून बघणारा हा माणूस. त्याला त्या तीन पायऱ्या उतरवल्या नाहीत. वेळ नाही, असं म्हणून त्याने तालीम संपवली.

बाहेर चहाच्या टपरीवर धम्मपाल उभा होता. कल्याणने गंमत केल्यासारखं विचारलं, की आता जाऊन येऊ या का त्या तुमच्या शिवेवर?

धम्मपालने गॉगल काढला. त्याचे डोळे कल्याणने पहिल्यांदाच पाहिले. माणूस नीट झोपलेला दिसत नव्हता.

“कोरी होती तवा न्यायची होती साहेब. कोरी त्यांची, शिळी आपली. आता ती हिथं वाजली. मंग ऐकणारे शिवेवर कशाला थांबतील?”

प्रयोगाच्या संध्याकाळी पुढच्या रांगा भरल्या. बियाण्यांचे विक्रेते होते, शाळांतून आणलेले मास्तर आणि बाई होत्या, नटूनथटून आलेली कुटुंबं होती. मागच्या रांगा रिकाम्या. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, बद्रीनाथशेठांनी शेतकऱ्यांच्या आणि संगीताच्या नात्यावर असं भाषण केलं की त्यात ना शेतकरी होता ना संगीत. आकांक्षाबाई दुसऱ्या रांगेत हातावर हात ठेवून बसल्या होत्या, त्यांच्या मागे तिसऱ्या रांगेत शालू. सगळे दिवे मंद झाले. कल्याणने लोकांकडे पाठ केली आणि छडी उचलली.

त्या दिवसासारखी ‘कोरडवाहू’ पुन्हा वाजणं शक्य नव्हतं. पितळ तापलं, तंतू पेटले, ढोलाचा घुमारा त्याच्या बरगड्यांत शिरला. एवढा आवाज कुणाला ऐकू येत नाही हे शक्यच नाही, असं त्याने स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं. पाठीमागून एक लहान पोर म्हणालं, “आई, कधी सुरू होणार?” आईने शूऽऽ केलं. नंतर कुणी खोकलं. नंतर पाठीमागे काहीच हललं नाही.

शेवटचा सूर विरला. घाम पुसून कल्याण वळला.

सगळे त्याच्याकडे बघत होते. एसटीची वाट बघणाऱ्या माणसांचे असतात तसे चेहरे. शेठांनी घड्याळ पाहिलं. टाळी एकही नाही. कुणी चिडलेलंही नव्हतं, आणि तेच फार भयंकर होतं. आकांक्षाबाई उठल्या, रंगमंचाजवळ आल्या आणि आजाऱ्याशी बोलावं तसं हळू म्हणाल्या, “सर, तब्येत बरी आहे ना? आज नको असेल तर राहू दे. आपण नंतर कधी बघू.”

कल्याणला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

तेव्हा टाळ्या सुरू झाल्या.

मागून. रिकाम्या रांगांमधून. आधी एक संथ टाळी, कोरड्या हातांची. मग दोन, मग दहा, मग सगळा मागचा अंधार वाजू लागला.

हे मात्र सगळ्यांना ऐकू आलं. पुढच्या रांगांतली माणसं एकदम मागे वळली. शेठ अर्धवट उभे राहिले. राधेश्यामने घाईघाईने मागचे दिवे लावले. तिथे कुणी नव्हतं. टाळ्या थांबल्या नाहीत.

मग एक म्हातारा, खणखणीत आवाज आला.

“वन्स मोर.”

त्याच्यामागून पुष्कळ आवाज. बायकांचे, पुरुषांचे. “वन्स मोर.”

माणसं उठली. कुणी किंचाळलं नाही. पोरं कडेवर घेऊन, चपला तशाच टाकून सगळी बाजूच्या दाराकडे निघाली. आकांक्षाबाई कधी गेल्या ते कल्याणला दिसलंही नाही. माणूस उठला की त्या खुर्चीची स्प्रिंगवाली बैठक धप्प करून वर मिटत होती. धप्प, धप्प, धप्प. शालू गर्दीच्या उलट येऊन रंगमंचाला भिडली आणि तिने वर हात केला.

“दादा, चल. घरी जाऊ आपण.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचा हात त्याच्या बुटांपाशी होता. तो वाकला असता तर धरता आला असता.

पण तीस वर्षांत त्याला कुणी वन्स मोर दिला नव्हता.

तो वादकांकडे वळला. पहिल्या व्हायोलिनवरची मुलगी रडत होती, आणि रडत रडतच तिने गज तारांवर टेकवला होता. म्हातारा चेलोवाला पान उलटून पहिल्या पानावर आला होता. बँडातली पोरं फरशीकडे बघत होती.

“साहेब,” धम्मपाल पुटपुटला, “आता न्हाई म्हणता येत न्हाई.” आणि त्याने क्लॅरिनेट ओठांना लावली.

बाजूचं दार बंद झालं. कुणीतरी ओढून नेलेल्या शालूचा आवाजही बाहेर राहिला.

कल्याणच्या पाठीमागे आता खुर्च्यांचा दुसरा आवाज सुरू झाला. मिटलेल्या बैठका कुरकुरत खाली बसत होत्या. आधी मागच्या, मग मधल्या, मग पुढच्या. ऐकणाऱ्यांना चांगल्या जागा मिळाल्या होत्या. अगदी जवळ, पहिल्या रांगेत, कुणीतरी घसा साफ केला आणि मग सगळं चिडीचूप झालं.

त्याने छडी खाली आणली.

गज हलले. गाल फुगले. काठ्या ढोलावर पडल्या. त्याला काहीही ऐकू आलं नाही.

तो हात हलवत राहिला. बोटं बघून, गज बघून, तो मनातल्या मनात मात्रा मोजत गेला. दुसऱ्या भागाच्या शेवटी चारही ट्रम्पेट एका सुरावर येऊन थांबतात आणि त्यांच्या खालून एकटं चेलो अर्धा सूर खाली सरकतं. त्या जागेसाठी त्याने अख्खा एक पावसाळा घालवला होता. ती कुणाच्या लक्षात येणार नाही हे तो धरूनच चालला होता. त्याने म्हाताऱ्याचं बोट तारेवरून खाली सरकताना पाहिलं.

नेमक्या त्याच जागी, त्याच्या पाठीमागे हाताभर अंतरावर, कुणीतरी हलकेच म्हणालं, “वा.”

कल्याणने कृतज्ञतेने मान लववली आणि पान उलटलं.